सातवं मचाण

"पाढ्यानं पाखरं पळत्यात व्हय, मास्तर?" बसप्पा पाटलानं तंबाखू मळता मळता विचारलं.

"मी ल्हानपणी पाढ्याला भिऊन दोनदा घर सोडून पळालोय, पाटील. पाखरांचं काय घेऊन बसलाय!" धोंडीराम मास्तर म्हणाला.

बसप्पा हसला, आणि हसला तिथंच फसला. "घ्या करून," म्हणाला.

सन एकतीसचा पौष. वळसंगच्या शिवारात ज्वारी कणसाला आलेली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली झाडून सारी पोरं शेरभर ज्वारीच्या बोलीवर बसप्पाच्या मचाणांवर गोफणी घेऊन उभी. शाळेत उरले मास्तर आणि एक शेळी, आणि दोघांत शेळीच जास्त नेमानं यायची.

शाळा सोलापूरच्या एका धर्मादाय मंडळीची. चार वकील-व्यापाऱ्यांनी खास अशा वस्त्यांसाठी काढलेली. पण मंडळीचा नियम कडक होता : दहा जण हजर नसले तर शाळा उठवायची. तपासणीला गुरुवारी चिटणीस कमलाकरपंत येणार होते. धोंडीराम स्वतः करमाळ्याकडच्या अशाच वस्तीतला. मंडळीनं हाताला धरून शिकवलं नसतं, तर त्या हातात आज खडूऐवजी दुसऱ्याच्या बैलाचं दावं असतं. ही पोरं त्या दाव्याकडे परत जाऊ द्यायची नाहीत, एवढंच त्याला कळत होतं.

पोरं मचाण सोडत नाहीत ना? मग शाळाच मचाणावर चढवू. मचाणं दहा, पाढ्याचे टप्पेही दहा. पहिल्यानं पहिला टप्पा ओरडायचा, दुसऱ्यानं दुसरा. आठ दिवसांत अशी तालीम झाली की पाखरं बेच्या पाढ्याला उठायची, पाचाच्या पाढ्याला शीव ओलांडायची आणि अक्कलकोटच्या रानात बसून कानडीत उजळणी करायची. खोटं वाटेल त्यानं तिथल्या चिमण्यांना विचारावं.

सातवं मचाण तेवढं मुकं होतं. तिथं उभी राहिली असती ती पटावरची सातवी पोर, रंभी, कार्तिकात हिवतापानं गेली होती. तिच्या जागी गोफण घेऊन तिची आई बजाबाई उभी असायची. सातवा टप्पा आला की मास्तर ज्वारीत दडून स्वतःच बारीक आवाजात ओरडायचा. पटावरचं रंभीचं नाव खोडायला त्याचा हात होत नव्हता. टाक दौतीत बुडायचा आणि पटावर येईतो वाळून जायचा.

गुरुवारी पंतांचा टांगा बांधाशी थांबला.

"शाळा कुठे आहे, धोंडीराम?"

"ही काय समोर हाय की, साहेब. छप्पर जरा उंच बांधलंय."

पंतांनी आभाळाकडे पाहिलं, मग मचाणांकडे. "बरं. तेराचा पाढा होऊ दे."

"व्हय जी," म्हणत मास्तर ज्वारीत शिरायला वळला. पंतांनी त्याचं कोपर धरलं.

"तुम्ही कुठे निघालात? माझ्याजवळ थांबा."



"तेरा एके तेराऽ!" पहिल्या मचाणावरून चंद्रव्वा किंचाळली. "तेरा दुणे सव्वीसऽ!" आवाज शेतावरून उड्या मारत निघाला. सहाव्यानं "तेरा सक अठ्ठ्याहत्तर" म्हटलं, आणि पुढं गप्प.

पाखरं तेवढ्याचीच वाट बघत होती. सातव्या मचाणाखाली थवाच्या थवा उतरला. मास्तरनं डोळे मिटले. झालं, उठली शाळा.

"तेरा सत्ते एक्याण्णवऽ!"

गोफणीतून दगड सुटावा तसा शब्द आला. थवा भर्रकन उठला. आठव्या, नवव्या, दहाव्यानं पाढा पुरा केला.

"सातवा आवाज मोठ्या बाईचा होता," पंत म्हणाले.

मास्तरला आता लपवायचं नव्हतं. "रंभी कार्तिकात गेली, साहेब. नाव ठेवलं, ही माझी चूक. ती तिची आई."

बजाबाई खाली उतरून लांबच उभी राहिली.

"कुठे शिकलात, बाई?"

"हितंच की. पोरगी जात्यापाशी बसून घोकायची. आता ह्ये समदे दिसभर बोंबलत्यात. कान काय मिटता येत्यात व्हय?"

"मग आज गप्प का झालात?"

"तो तिचा आकडा हुता, साहेब," ती म्हणाली. "पर पाखरं उतारली."

पंतांनी पट उघडला. "नियमात विद्यार्थ्याचं वय लिहिलेलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले, आणि टाक मागितला. "तिचं खोडून तुमचं लिहू?"

"खोडू नगा. तिच्याम्होरं ल्हिवायचं ते ल्हिवा. माझं खाली घ्या. आन् वय ईचारू नगा, मला ठावं न्हाय."

पंतांनी खाली नवी ओळ घेतली. पटावर दहा हजर भरले.

सुगी सरली. शाळा पुन्हा कडुलिंबाखाली आली. पहिल्याच दिवशी बजाबाई रंभीची पाटी पदराखाली धरून आली आणि पोरांच्या ओळीत सातवी बसली. बसप्पा वाटेवरून बघून हसला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"लिहा, सात," मास्तर म्हणाला.

पाटीवर रंभीच्या हातचा वाकडा 'ग' होता, त्याला तिनं गमतीनं काढलेली शेपटीही तशीच. शेजारच्या पोरानं पुसायला ओला बोळा पुढं केला.

बजाबाईनं नको म्हणून मान हलवली. पाटी अलगद उलटी केली, आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.