गोष्टीसोबतचे घास

माझं बोलणं घरात कुणी पुरतं ऐकत नाही. तक्रार नाही, कचेरीत तीस वर्षं नकला उतरवताना माझीच बोलायची सवय गेली. म्हणून नातू खेमराज तीन वर्षांचा असताना, गोष्ट चालू आहे तोवर तो माझ्याकडे पाहत घासासाठी तोंड उघडतो हे लक्षात आलं, तेव्हा मला फार मोठं काही मिळाल्यासारखं वाटलं.

मुलगा दुलीचंद सायकलने भरवेलीच्या खाणीवर गेला की सून पुष्पलता ताट माझ्या हाती देई. गोष्ट संपली की खेमराजचं तोंड मिटे. मग मी गोष्टीतल्या राजपुत्राला सात नद्या ओलांडायला लावल्या. नदीगणिक चार घास. भात संपला की गूळ-तूप, मग लाडू. बाहेर पोरं खेळत. आम्ही तिसऱ्या नदीवर असू.

अडुसष्ट साली तो शाळेत गेला. पंधरा दिवसांत शालिकराम गुरुजी घरी आले.

"बाबूजी, पोरगा मैदानाचा अर्धा चक्कर बी धावत नाही. खाली बसला त उठवा लागते. पोरं त्याले धानाचं पोतं म्हणून राह्यले. दिवसभर घरी करते काय?"

"खाते अन् आयकते," पुष्पलता आतून म्हणाली. "मामाजीले इचारा."

मी मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, ताटावर गोष्ट बंद, संध्याकाळी बाहेर खेळ.

पटलं. पण वाटलं, गोष्ट ताटाशिवायही सांगता येईल. त्या संध्याकाळी ओट्यावर त्याला जवळ घेऊन मी माझी सगळ्यांत चांगली गोष्ट सुरू केली. चौथ्या वाक्याला त्याने माझे रिकामे हात पाहिले.

"आबाजी, लाडू?"

"आज नुसती गोष्ट."

"मंग काहून सांगून राह्यले?"

तो उठला, धापा टाकत पायऱ्या उतरला आणि पोरांच्या कडेला उभा राहिला. पोरं हसली, मग त्याला विटी आणायला पिटाळू लागली. तो धावला, पडला, उठला. असा रोज जाऊ लागला. नवव्या दिवशी एकदाही पडला नाही. पुष्पलता हसत म्हणाली, "पाहा मामाजी, कसा पळते!"

"हौ," मी म्हणालो.

दहाव्या दिवशी ती पाण्याला गेल्यावर मी फळीवरचा लाडवांचा डबा काढला, ओट्यावर आलो आणि हाक मारली, "खेमू, ये. एक राजा होता."

त्याने डबा पाहिला. खेळ सोडून आला.

दुसरा लाडू मी त्याने मागायच्या आधीच दिला.