चौतिसावी चिठ्ठी

कागद दमट होता, लवकर पेट घेईना. पंचशीलाने तो गॅसच्या जाळाशी आणखी पुढे नेला आणि बोटांना चटका बसला तसा सोडून दिला. सांबाराच्या मोठ्या पातेल्याखाली तो काळा पडला, वळला, विरून गेला.

"काय जाळायलीस गं?" मागून विमलबाईंनी विचारलं. त्या पंचशीलाच्या आई. शाळेतल्या लेकरांचा दुपारचा भात-सांबार त्याच करायच्या.

"काही न्हाई आई. रद्दी कागद."

"रद्दीसाठी हात कामून भाजून घ्यायलीस?"

पंचशीला हात झटकत शाळेच्या स्वयंपाकखोलीतून बाहेर आली. पावणेदहा झाले होते. अकराला मुलांची ग्रामसभा होती.

सीमाभागात, खटकचिंचोळीजवळच्या एका गावातल्या सरकारी मराठी शाळेत यंदा एक नवा तास सुरू झाला होता. प्रश्न कसा विचारायचा, सभा कशी चालवायची, मतं कशी मोजायची, हे शिकवायला तालुक्यातल्या पाच शाळांना एका वर्षापुरता निधी मिळाला होता. आज तालुक्याच्या ठिकाणाहून, भालकीहून, अधिकारी बघायला येणार होते. त्यांचा अहवाल बरा गेला तर पुढच्या वर्षी सगळ्याच शाळांत हा तास सुरू होणार होता आणि पंचशीलाला परत नेमणूक मिळण्याची आशा होती. हा तास घेणारी ती अतिथी शिक्षिका होती, दहा महिन्यांपुरती नेमलेली. पण नेमणुकीच्या कागदावर शाळा समितीच्या अध्यक्षांची सही लागायची.

अध्यक्ष शिवशंकरप्पा परवाच येऊन गेले होते. गावच्या पाण्याच्या टाकीचा कारभारही त्यांच्याच हातात. चहा घेता घेता ते म्हणाले, "टीचर, बाहेरचे लोक येणार. लेकरं काय, काहीबी बोलतात. तुम्ही जरा बघून घ्या."

"व्हय अण्णा."

"आईच्या हाताला चव हाय तुमच्या. लेकरं पोटभर जेवतात. कितवं वर्ष हे त्यांचं?"

"नववं."

"नववं," ते म्हणाले आणि हसले.

ते हसणं दोन दिवस तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आज सकाळी ती सर्वांच्या आधी शाळेत आली होती. तिने कपाट उघडलं आणि मुलांनी काल सभेसाठी प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकलेल्या पेटीचं कुलूप काढलं. खेळायला मैदान हवं, फळा फुटलाय, बस वेळेवर येत नाही. एकेक चिठ्ठी वाचून ती परत टाकत गेली. मग ती एक हाताला लागली. 'भीमनगरला पाणी आठ दिवसाला येते. मग अध्यक्षांच्या मळ्यात टाकीचे पाणी रोज कामून जाते?' खाली नाव नव्हतं.

भीमनगरात पंचशीलाचंही घर होतं. हे एका लेकराने आपल्या मनाने लिहिलं, असं गावात कोण मानणार? बाईनेच लिहायला लावलं म्हणतील. आधी आईचं काम जाईल. आणि ज्याने लिहिलं त्याच्या घरी संध्याकाळी कोण जाऊन उभं राहील, ते वेगळंच.

अकराला सभा सुरू झाली. अधिकारी अरुणकुमार आणि शिवशंकरप्पा खुर्च्यांवर बसले. पंचशीला पेटीजवळ उभी राहिली. सहावी-सातवीच्या मुलांनी नेत्रावतीला सभेची अध्यक्ष निवडलं होतं. ती उठली, वेणी मागे टाकली आणि म्हणाली, "आधी मोजणी."

पंचशीलाचा हात पेटीच्या कुलपावरच थांबला. पेटी उघडताना चिठ्ठ्या मोजायच्या आणि टाकणाऱ्यांच्या यादीतल्या सह्यांशी ताळा करायचा, हे तिनेच शिकवलेलं. भीतीत ते पार विसरून गेली होती.

मोजणी झाली. यादीत चौतीस सह्या, चिठ्ठ्या तेहतीस. परत मोजल्या. तेहतीसच.

वर्गात कुजबुज सुरू झाली. अरुणकुमारांनी घड्याळ बघितलं. "एखादी कुठं तरी पडली असंल. असू दे, पुढं चला."

शिवशंकरप्पांनी पंचशीलाकडे बघून हलकेच मान डोलावली. काय झालं ते त्यांनी ओळखलं होतं. नुसतं 'व्हय सर' म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं. नेत्रावतीही तिच्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता. आता काय करायचं ते बाई सांगतील, एवढीच वाट ती बघत होती.

"पडली न्हाई सर," पंचशीला म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "मी काढली. जाळली."

"का?"

"भ्याले."

शिवशंकरप्पांचा चेहरा तसाच शांत होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. मग नेत्रावतीने नियमांची वही उघडली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मोजणी जुळली न्हाई तर सगळ्यांनी परत लिहायचं."

"अगं, वेळ कुठाय आता?" अरुणकुमार म्हणाले.

"सर, नियम हाय."

ते खुर्चीत मागे टेकून बसले. नेत्रावती कोऱ्या चिठ्ठ्या वाटत पंचशीलापर्यंत आली आणि थांबली. तिचे कान लाल झाले होते.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पेटीजवळ थांबू नका."

पंचशीला तिथून निघाली आणि शेवटच्या ओळीत, सतरंजीवर जाऊन बसली. दारात विमलबाई येऊन उभ्या होत्या, हातात पळी तशीच. शिवशंकरप्पांनी खुर्ची मुलांकडे वळवून घेतली होती. कोण काय लिहितंय, कोणाचा हात जास्त वेळ चालतोय, ते ओळीओळीने बघत होते.

कोणी मान वर केली नाही.

पंचशीलाच्या शेजारी सहावीतला बुद्धरत्न ओणवा होऊन लिहीत होता. एक ओळ लिहून झाली तेव्हा बाई इतक्या जवळ बसल्यात हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने डाव्या हाताचा तळवा चिठ्ठीवर आडवा धरला आणि तिच्याकडे बघत तसाच थांबला.

पंचशीलाने तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज परत ऐकू येऊ लागला.