तेराव्या खुंटीवरची पट्टी

मी एक जुनी मेपलची फळी आहे, मित्रांनो. लांबी चार फूट, अंगावर पितळेच्या तेरा खुंट्या आणि मधोमध अर्धी पुसलेली लाल रेघ. ती रेघ माझ्या पूर्वायुष्याची. तेव्हा मी इंडियाना राज्यातल्या हॅरो क्रीक कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानाची जमीन होते. बत्तीस वर्षं बुटांखाली काढली. घाम, चेंडूचे ठोके, सामना हरल्यावर पालथी पडून रडणारी साडेसहा फुटी मुलं, सगळं मी सोसलं. त्याची मला कधी किळस वाटली नाही. किळस कशी असते ते मला भिंतीवर गेल्यावर कळलं, आणि तेही अगदी अलीकडे.

नवी जमीन घातली तेव्हा आम्हाला उपटून कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकलं होतं. संघाचे कोच व्हर्लिन हॉस्टेटर यांनी त्यातल्या काही फळ्या स्वतः उतरवून घरी नेल्या. रंधा मारून त्यांनी मला घडवलं आणि उरलेल्या लाकडाच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या कापल्या. कॉलेजकडे तेरा शिष्यवृत्त्या, म्हणून माझ्यावर तेरा खुंट्या. कोचच्या टेबलामागच्या भिंतीवर मला जागा मिळाली.

संघात मुलगा घ्यायचा तर कोच आधी त्याच्या घरी जेवायला जात. खेळ पाहिलेला असेच, पण जेवण झाल्याशिवाय ते शब्द देत नसत. ते म्हणत, "उडी काय, बोकडसुद्धा मारतो. जेवण झाल्यावर आईचं ताट कोण उचलतं, ते बघायला जातो मी." घरचं पटलं की परत येऊन तापलेल्या सळईने पट्टीवर मुलाचं नाव कोरायचं आणि ती माझ्यावर टांगायची. एकदा टांगलेली पट्टी उतरायची ती पदवीच्या दिवशी, आणि ती जायची आईच्या हातात. गुडघा गेला, नेम गेला, हात थरथरले, तरी पट्टी जागची हलत नसे.

सव्वीस वर्षं असं चाललं. वर्तमानपत्रवाले माझे फोटो काढून नेत. पन्नाशीचे गृहस्थ येऊन आपली जुनी खुंटी चाचपून बघत आणि उगाच खोकत. मला गर्व झाला होता, हे कबूल करते. पण माझ्या पाठीलाही एक पट्टी ठोकलेली होती, भिंतीकडे तोंड करून. तिच्याबद्दल मी कधी बोलले नाही. मला विचारणारं तरी कोण होतं?

कोचनी शेवटची पट्टी कोरली ती लमार पेटिफर्डची. गॅरी शहरात त्याची आई ओडेसा एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिच्या घरी तळलेला मासा, पालेभाजी आणि मक्याचा पाव असं जेवण झालं. कोचनी दोनदा वाढून घेतलं, असं त्यांची मुलगी कॉरिन परत आल्यावर सांगत होती. तीच त्यांना गाडीतून घेऊन गेली होती. अकरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली कोच होती आणि मुलं शोधण्याचं काम तिच्याकडेच होतं. कोचच्या पोटात तेव्हाच दुखत होतं, पण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. लमारचं नाव कोरताना त्यांचा हात हलला आणि शेवटचं अक्षर वाकडं झालं. दुसरी पट्टी घ्यायला ते तयार झाले नाहीत. "पोरगा सरळ आहे, बास झालं," म्हणाले. लमार तेराव्या खुंटीवर गेला.

लमार खेळायला लागला आणि जानेवारीत त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. फेब्रुवारीत कोच गेले.

कॉरिनने संघ हंगामाच्या शेवटापर्यंत नेला. वडिलांच्या खुर्चीत ती कधी बसली नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर उभी राहून काम करायची. त्यांचा कॉफीचा मग मात्र रोज सकाळी धुऊन पालथा घालायची.

मार्चमध्ये सगळं विस्कटलं. तिघांची पदवी होत होती, ते जाणारच होते. आणखी सहाजणांनी बदलीच्या यादीत नावं घातली. हल्ली मुलं दर वसंतात अशी नावं घालतात आणि जास्त बोली लावणाऱ्या कॉलेजात जातात. एकाने तर कोचच्या अंत्यविधीला घातलेल्या कपड्यांतच फोनवर बोलणी केली, इथेच, माझ्यासमोर. पुढे बातमी आली की कोचची जागा कायमची ब्रेट केसलिंग नावाच्या माणसाला दिली आहे. कॉरिनला हाताखाली ठेवलं. माझ्यावर चार पट्ट्या उरल्या होत्या आणि नऊ खुंट्या मोकळ्या होत्या. केसलिंगने दहा माणसं आणायचं ठरवलं होतं.

माणसंच म्हणते मी, मुलं नव्हे. त्यातला एक तेविशीचा होता आणि चौथं कॉलेज बदलत होता. कोणाच्याही घरी कोणी जेवायला गेलं नाही. केसलिंग पडद्यावर त्यांच्या उड्या बघायचा, दलालाला फोन लावायचा आणि चिप्स खात "किती?" विचारायचा. तेलकट बोटं माझ्या कडेला पुसायचा. कुठल्याशा कोपऱ्यातल्या गावातल्या एका शाळकरी मुलाला कॉरिनने वर्षापूर्वी जागा देऊ केली होती. त्याला दोन ओळींचा संदेश गेला की तू अजून लहान आहेस. गुरांच्या बाजारात निदान दात तरी बघतात. मला शिसारी येत होती, पण फळीला ओकता येत नाही.

दहावा होता ट्रेव्हिन ओल्कट, सात फुटी. तो आईबापांसह कॉलेज बघायला यायचा होता. केसलिंगला आमची जुनी चाल कुठूनतरी कळली होती. फोटोत म्हाताऱ्याची फळी झकास दिसेल, असं त्याला वाटलं. कोणी होकार देण्याआधीच त्याने दहाही नावांच्या पट्ट्या दुकानातून यंत्रावर करून आणल्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या. नऊ टांगल्यावर दहावीला जागा उरेना. त्याने लमारची पट्टी काढून खणात टाकली.

कॉरिनने विचारलं, लमारला सांगितलंत का?

"कळेल की. हल्ली सगळ्यांना सगळं कळतं," केसलिंग म्हणाला. "फुटक्या गुडघ्यावर मी जागा अडकवू? मग सात फुट्याला काय गॅलरीत बसवतेस?"

ओल्कट कुटुंबाचा माझ्यासमोर फोटो निघाला आणि तासाभरात जगभर गेला. लमार शेजारच्या इमारतीत गुडघ्यावर बर्फ ठेवून बसला होता. त्याने फोटो पाहिला आणि कुबडी टेकत आला. केसलिंग फोनवर होता. त्याने लमारकडे न बघता बोट वर करून थांबायची खूण केली. लमार थांबला. त्याने माझ्या खुंट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा पाहिल्या. मग हलकेच विचारलं, "कॉरिन कोच, माझी पट्टी पुसायला काढली आहे का?"

कॉरिनने खण उघडला. पट्टी केचपच्या पुड्यांमध्ये पडली होती. ती बाहेर काढून तिने आपल्या बाहीला पुसली. मग ती आपल्या खिशात ठेवली.

लमार म्हणाला, "आईला तुम्ही सांगा. शब्द तिच्या टेबलापाशी दिला होतात." आणि कुबडी टेकत निघून गेला.

मित्रांनो, इथे मला कॉरिनचाही राग आला. ती ओडेसाकडे गेली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दर वसंतात माजी विद्यार्थ्यांना आणि देणगीदारांना पुढच्या हंगामाच्या संघाबद्दल पत्र जातं. ते लिहायचं काम तिचं. नवे दहा कोण, मधल्या जागी कोण, बाहेरून नेम कोणाचा चांगला, असं सगळं तिने लिहिलं. केसलिंगने सांगितलेलं एक वाक्यही टंकलं: लमार पेटिफर्ड स्वतःच्या इच्छेने दुसरीकडे जात आहे. पत्र मात्र तिने लगेच पाठवलं नाही.

आठवड्याने केसलिंगला माझ्या जागी मोठा पडदा हवासा झाला. कॉरिनने सगळ्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या, मला भिंतीवरून उतरवलं आणि उलटं केलं. तेव्हा तिला माझ्या पाठीवरची पट्टी दिसली. चार खिळ्यांनी ठोकलेली. कर्टिस व्हेली, अठरा वर्षांपूर्वीचं साल, आणि खाली वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने एक ओळ: याला फोनवर सांगितलं. घरी गेलो नाही.

मला तो दिवस आठवत होता. कर्टिसचा नेम गेला होता आणि त्याची जागा मागायला एक उंच मुलगा दारात उभा होता. कोचनी पाच मिनिटांत काम उरकलं होतं. त्यानंतर त्यांनी कोणाचीही पट्टी उतरवली नाही, पण कर्टिसला ते कधी भेटलेही नाहीत.

कॉरिन मला मांडीवर घेऊन खाली बसली. पहिल्यांदाच ती वडिलांच्या खुर्चीला टेकली. मग उठून तिने पत्रातलं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: लमार पेटिफर्ड जात नाही. त्याला काढलं आहे, आणि ते त्याला फोटोतून कळलं. पत्र पाठवून तिने उरलेल्या तिघांच्या लाकडी पट्ट्या ज्याच्या त्याला जपायला दिल्या, वडिलांचा कॉफीचा मग पिशवीत घातला आणि मला गाडीत ठेवलं. नोकरी गेल्याचा निरोप तिला रस्त्यातच आला.

रविवारी चर्चहून ओडेसा घरी आली तेव्हा कॉरिन पायरीवर बसली होती. ओडेसाने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"नाही."

"मग आत ये. उपाशी माणसाकडून मी वाईट बातमी ऐकत नाही."

कॉरिन जेवली, ताट स्वतः उचललं, आणि मग सगळं सांगितलं. केसलिंगने काय केलं, आणि आपण आठवडाभर काय केलं नाही, तेही.  शेवटी ओडेसा एवढंच म्हणाली, "तुझा बाप असता तर हे झालं नसतं."

हो म्हणणं किती सोपं होतं. वडिलांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि हे वाक्य ऐकायलाच जणू ती तिथवर आली होती. तिने मला टेबलावर उलटं केलं. "एकदा झालं होतं," ती म्हणाली.

ओडेसाने ती ओळ वाचली. बोटाने एक खिळा चाचपला. "हा आहे कुठे?"

"माहीत नाही. शोधीन."

"शोध. माझ्या दारात आलीस तशी त्याच्याही दारात जा." मग तिने कॉरिनने टेबलावर ठेवलेली लमारची पट्टी उचलली. कॉरिनला वाटलं ती ठेवून घेईल. ओडेसाने ती परत माझ्या तेराव्या खुंटीला अडकवली. "ही मला आत्ता नको. पोराची अजून तीन वर्षं आहेत. इथल्या कॉलेजात नाव घातलंय त्याने. संपल्यावर आणून दे, तू स्वतः."

ट्रेव्हिन ओल्कट सरावाला एकदाही न येता ऑगस्टमध्ये दुसऱ्याच कॉलेजात गेला, असं ऐकते. केसलिंगच्या दारात सध्या कोण उभं आहे, ते मला बघायचं नाही.

आता मी कॉरिनच्या गाडीत मागच्या सीटवर आहे. अंगावर एक पट्टी, पाठीला एक. कर्टिस व्हेलीचं टेरे होट गावात टायरचं दुकान आहे, असं तिला कळलं आहे. तो आम्हाला आत घेईल की दार लावून घेईल, सांगता येत नाही. मित्रांनो, मी एक फळी. मला तुमच्याकडून पॉलिश नको, फोटो नको. कोणाचं नाव आपल्या भिंतीवर टांगाल तर आधी त्याच्या घरी जा. आणि ते उतरवायची वेळ आलीच, तर त्याच दारातून पुन्हा आत जाण्याची लाज बाळगू नका. आमच्या कोचना एकदा ती लाज वाटली. त्यांची मुलगी आता गाडीतून उतरते आहे, आणि दुकानातून एक उंच माणूस हात पुसत बाहेर येतो आहे.