सारवलेली धावपट्टी

“डोमाजीभाऊ, किती वेळ पाहून राह्यले? करून टाका ना सही. अकराले विमान हाय.”

संतोषनं पेनाचं टोपण काढून रजिस्टर पुढे धरलं होतं. डोमाजी मात्र धावपट्टीवर उकिडवा बसून हातातली काठी एका भेगेत खुपसत होता. काठी चार बोटं आत गेली.

आदिलाबादबाहेरच्या या जुन्या धावपट्टीवर डोमाजीची सव्वीस वर्षं गेली. वर्षाकाठी एखादं लहान विमान अचानक उतरायचं. एरवी गुरं हाकायची, गवत कापायचं, आसपासच्या गावांनी वाळत घातलेलं सोयाबीन उचलायला लावायचं. भेगा बुजवायच्या त्यानंच, आणि दर सोमवारी तपासणीच्या रजिस्टरात ‘ठीक’ लिहायचं तेही त्यानंच. डांबराची मागणी वर गेली की वरच अडकायची. मग त्यानं घरगुती इलाज काढला. भेगेत मुरूम भरायचा, अंगण सारवावं तसं शेणमातीनं सारवायचं आणि वरून जळकं ऑइल फिरवायचं. शेणात भुसा किती घालायचा हे त्याला बायकोनं, रेणुकाबाईनं शिकवलं होतं. पट्टी दिसायची छान. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, पण आपण काही झाकतो आहोत असं या भल्या माणसाला कधी वाटलंच नाही.

यंदा नवा कायदा आला. विमानतळ चालवणारं खातं वेगळं, सुरक्षितता तपासणारं खातं वेगळं. ज्यानं रांधलं त्यानंच चव सांगायची नाही. माणसंही वाटली गेली. सोबत काम करणारा संतोष व्यवस्थापनात राहिला. डोमाजी तपासणीकडे गेला, पंधरा दिवस हैदराबादला शिकून आला. तिथं पहिल्याच दिवशी त्याला नवंच कळलं. हरभऱ्याएवढी खडी उडाली तरी पंखा फुटतो, चाक रुतलं तर विमान नाकावर जातं, हे त्याला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं.

“थे भेग तुमीच बुजवली व्हती ना?” संतोष म्हणाला. “मंग आपल्याच कामाले नापास कराचं? लोकं हासतीन. अन् कायद्यानंतरचं पहिलंच विमान परतवलं तं वरून पट्टीच बंद करतीन. आमी जाचं कुठं?”

संतोष खोटं बोलत नव्हता. त्यात तामसीहून रेणुकाबाई सकाळच्या बसनं निघाली होती. नवऱ्यानं जिथं जन्म काढला तिथं विमान उतरताना तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. कधी कापसाची वेचणी आडवी यायची, कधी लेकीचं बाळंतपण. आधी कळवून येणारं विमान हे पहिलंच.

डोमाजी उठला. “मीच बुजवली, म्हणून तं मले ठावं हाय आत काय हाय थे.”

त्यानं पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, ‘पट्टी उतरण्यास योग्य नाही’. खाली सही केली. संतोष रजिस्टर घेऊन फोन लावायला ऑफिसात गेला.

साडेदहाला रेणुकाबाई आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. डोमाजीनं तिला सगळं सांगितलं. ती भेगेजवळ बसली आणि उकललेल्या सारवणावरून बोट फिरवत राहिली.

“माह्यं सांगणं चुकलं का?”

“नाही व. सारवण चांगलंच हाय तुयं. मीच जागा चुकलो.”

“मंग आजवर जे उतरले ते?”

जाताना हात हलवणारी ती माणसं डोमाजीला आठवली. एकानं तर त्याच्याकडे चहा मागून घेतला होता.

“वाचले,” तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

एवढ्यात वर घरघर ऐकू आली. परतवलेलं विमान नांदेडकडे वळलं होतं. रेणुकाबाईनं कपाळावर हात धरून मान मागे टाकली.

“अवो, पाहा ना! केवढं लहान दिसून राह्यलं!”

“तू पाय,” डोमाजी म्हणाला. चुन्याची पाटी उचलून तो पुढच्या भेगेकडे गेला आणि वाकून तिच्याभोवती पांढरा गोल काढू लागला.