झुकणारा काटा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. वर पाणी, खाली पाणी. उजेड हिरवट होता, तो काळपट होत चालला आहे. तोंडातल्या नळीतून तुम्ही श्वास ओढता, आणि तो अर्धाच येतो.

मी एक जुना हवेचा काटा आहे. पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत किती हवा आहे, ते मी सांगतो. मला पितळेचे अंग आणि जाड काचेचा चेहरा देणारा कारागीर म्हणाला होता, "हा कधी फसवणार नाही." मी फसवत नाही. पण लोक माझ्याकडे नुसती नजर टाकतात, आणि तेवढे पुरत नाही.

टाकीची तोटी जेमतेम उघडी असली, तरी मी भरलेलाच दिसतो. श्वास ओढला, की मात्र माझा काटा झुकतो आणि हळूहळू वर येतो. होडीवर तेवढ्या हवेत भागते. खोल पाण्यात भागत नाही.

मी एका दादाच्या टाकीला होतो, तेव्हा तसेच झाले. हातात पाणबुड्याचे कोरे करकरीत प्रमाणपत्र होते. "फुल्ल आहे!" म्हणत त्याने उडी घेतली. त्याला शिकवणाऱ्या आत्याने त्याला कसेबसे वर ओढले. तो वाचला, पण आजही तोंडावर पाणी घेताना दचकतो. मी मात्र आत्याच्या कोठीत खिळ्याला लटकून राहिलो. काचेवर धूळ साचली.

पुढे त्याची धाकटी बहीणही तीच परीक्षा पास झाली आणि तिला प्रमाणपत्राचे कार्ड मिळाले. आत्याने मला पुसून, तपासून तिला दिले.

"पाणी काही तुझं कार्ड बघायला येत नाही," आत्या म्हणाली. मग तलावात सराव सुरू झाला. चष्म्यात पाणी भरायचे, काढायचे, घाबरायचे, पुन्हा करायचे. आणि रोज मला समोर धरून श्वास घ्यायचा.

समुद्रात जायच्या दिवशी दादा धक्क्यापर्यंत आला. पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. होडी खोल पाण्यात थांबली, तेव्हा आभाळ भरून आले होते.

"अहो राणीसाहेब, नटणं झालं का?" नावाडी ओरडला. "अंधारून येतंय!"

सगळे हसले. घाईघाईत आत्याने सवयीने मुलीच्या टाकीच्या तोटीला हात घातला. मुलीने ती आधीच उघडली होती. आत्याने ती पूर्ण बंद केली, आणि उघडतेय असे समजून किंचित मागे फिरवली.

मित्रांनो, मला तोंड नाही. मी फक्त झुकू शकतो. म्हणून सांगतो, श्वास घेताना माझ्याकडे पाहा.

मुलीने पाहिले. मी झुकलो.

"आत्या, काटा हलतोय."

"होडी हलतेय गं. चल लवकर."

मुलीचे पाय होडीच्या काठाबाहेर लोंबकळत होते. खाली पाणी काळे झाले होते. तिने पाय आत घेतले.

"नाही. तू बघ." तिने पुन्हा श्वास ओढला.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तोटी पूर्ण उघडली. मुलीने श्वास घेतला, आणि मी स्थिर राहिलो.

"उतरायचं?" आत्याने हळूच विचारले.

मुलीने हात लांब करून आत्याचा काटा आपल्यासमोर धरला.

"आधी तुझा. श्वास घे, मी बघते."