वाया जाणारी ऊब

मित्रांनो, मी एक जुना बल्ब आहे. साठ वॅटचा, काचेचा, आत टंगस्टनची बारीक तार. आणि मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझी तार तापते म्हणून मी उजळतो. मला मिळालेल्या विजेचा जेमतेम विसावा भाग उजेड होतो, बाकीची सगळी उष्णता. त्या उष्णतेला माणसं 'वाया जाणारी वीज' म्हणतात. माझा राग 'वाया' या एका शब्दावर आहे.

वसईत, खाडीकाठच्या एका गावात, कृष्णाबाईंच्या घरी मी पुष्कळ वर्षं जळलो. त्यांचा दीपेश माझ्याखाली अभ्यास करायचा, थंडीत माझ्याभोवती हात धरून बोटं शेकायचा. तेव्हा मी चांगला होतो. पुढे तो एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, रोज सकाळी आईला व्हिडिओ कॉल करू लागला. मी फडताळात गेलो.

यंदा जानेवारीत मुंगसाने कृष्णाबाईंची कोंबडी मारली. मागे नऊ पिल्लं राहिली, चार दिवसांची. कृष्णाबाईंनी मला पुठ्ठ्याच्या खोक्यात टांगलं. पिल्लं माझ्याखाली एकमेकांना चिकटून झोपत. इतकं मोलाचं काम मला आधी कधी मिळालं नव्हतं.

रविवारी दीपेश आला. "आई, हा अजून आहे? अगं, सगळी वीज नुसती गरम होण्यात वाया जाते!" त्याने एलईडी लावला, मला कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि संध्याकाळी निघून गेला. खोक्यात लख्ख उजेड दिसत होता, म्हणून कृष्णाबाईही निर्धास्त झोपल्या.

मी डब्यातून ऐकत होतो. चिवचिवाट आधी वाढला. मग कमी कमी होत गेला.

सकाळी चार पिल्लं ताठ झाली होती. उरलेली पाच कृष्णाबाईंनी पदरात, पोटाशी धरली. तेवढ्यात फोन वाजला.

"पण आई, लाइट तर चालूच होती ना?" दीपेश पडद्यावरून म्हणाला.

"चालू व्हती. मी पन तिलाच भुलले." मग त्यांचा आवाज चढला. "नुसत्या उजेडाची ऊब लागते का रे? तू पन रोज दिसतोस या फोनात, लख्ख. काल आलास, बल्ब बदलून गेलास. घटकाभर माझ्याजवळ बसलास काय?"

दीपेशने फोन ठेवला. तासाभरात तो दारात उभा होता. मला डब्यातून त्यानेच काढलं, पुसलं, लावलं. मग खोक्यात हात घालून आईशेजारी बसून राहिला. कामावर गेला नाही. कृष्णाबाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मला बरं वाटलं.

दुपारी एक पिल्लू त्याच्या तळहातावर झोपलं, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "हात हलवू नको आता."

मित्रांनो, एलईडीशी माझं भांडण नाही. तो त्याचं काम चोख करतो. पण कुणाची ऊब वाया जाते असं ठरवण्याआधी खोक्यात हात घालून पाहा, तिच्यावर कोण जगतंय ते. मला मात्र शिवू नका, भाजेल. चार पिल्लं गेल्याचा राग अजून उतरलेला नाही.