डाव्या पायाला ठाऊक होते

मित्रांनो, मला स्वतःचे नाव नाही. मी एका माणसाच्या डाव्या पायातला जुना स्केट. वर कडक बूट, खाली वीतभराहून लांब पोलादी पाते आणि आत सात हंगामांचा घाम. माझे पाते चार वेळा बदलले, दोन वेळा टाच शिवून झाली, पण बूट तोच राहिला. उजवा स्केट माझ्यापेक्षा धीट आहे. मी पहिल्यापासून भित्रा.

आणि भिऊ नको तर काय करू? आयुष्याची सुरुवातच भट्टीत झाली. वुओरेला गावच्या, बर्फावर खेळणाऱ्या हॉकी संघाचे सामान सांभाळणारा म्हातारा वेइक्को याने मला खोक्यातून काढले आणि सरळ तापलेल्या भट्टीत ठेवले. मी मऊ पडलो. आता वितळून जाणार असे वाटत असतानाच त्याने मला बाहेर ओढले आणि एक भलामोठा पाय माझ्यात शिरला. नाड्या करकचून बांधल्या गेल्या. मी त्या पायाभोवती हळूहळू निवत गेलो. करंगळीचे जुने हाड, घोट्यावरचे टेंगूळ, तळव्याचा खोलगटपणा, सगळे माझ्यात उमटले. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाच्या पायात बसणे शक्यच नव्हते.

तो पाय एरो तान्स्कानेनचा. एरो बचावपटू होता. बचावपटूने मागे थांबून आपले जाळे राखायचे, हे बर्फावर उतरणाऱ्या पाच वर्षांच्या पोरालाही शिकवतात. एरोला ते कधी पटले नाही. काळी रबरी चकती त्याच्या काठीला लागली की तो तिरासारखा पुढे सुटायचा. समोरचे दोघे तिघे गोंधळायचे, आणि तेवढ्यात चकती कुठल्यातरी फटीतून सरकून आपल्या गड्याच्या काठीवर पोचलेली असायची. क्रीडागृहातले चार हजार लोक उभे राहायचे. मागचे अंगण रिकामे पडते म्हणून प्रशिक्षक ओरडायचे, आणि गोल झाला की तेच टाळ्या वाजवायचे.

त्या वर्षांत मला भीती वाटायची ती फक्त वेइक्कोच्या धार लावायच्या चाकाची. ठिणग्या उडायच्या, पाते किंचाळायचे. पण वेइक्कोचा हात उबदार होता. धार झाली की तो नखावर पाते घासून बघायचा आणि पुटपुटायचा, "जा पोरा. आता बर्फालाच तुझी भीती वाटू दे."

मग तो फेब्रुवारीतला सामना आला.

चकती आमच्याच बाजूच्या कोपऱ्यात गेली होती. ती आणायला जाताना बचावपटूची पाठ साऱ्या मैदानाकडे होते आणि तोंड लाकडी कठड्याकडे. मागून कोण येतेय ते दिसत नाही, नुसते ऐकू येते. बर्फ कापत येणारी दोन पाती. मी ती ऐकली. एरोनेही ऐकली असावीत. पुढच्या क्षणी कठडा आमच्यावर कोसळला असे वाटले. खरे तर आम्हीच त्याच्यावर आदळलो होतो. माझ्यातला पाय एकदम सैल पडला. त्यात कुणीच नसल्यासारखा.

तसे काही क्षणच झाले. मग एरो उठला, हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो उरलेला सामना खेळला आणि एका गोलाला पासही दिला. वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी लिहिले की छत्तिसाव्या वर्षी असा पोलादी माणूस दुसरा नाही.

दोन दिवसांनी सरावाच्या वेळी त्या पोलादी माणसाने मला उचलले आणि उजव्या पायात घालायला सुरुवात केली. पाय शिरेना. तो रेटत राहिला, नाडी ओढत राहिला. उजवा पाय माझ्यात दुखत होता आणि त्याला कळत नव्हते की का दुखतोय. मित्रांनो, इतका मी भट्टीतही घाबरलो नव्हतो.

दारात वेइक्को उभा होता.

"एरो," तो हलकेच म्हणाला, "तो डावा आहे."

एरोने माझ्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग हसला. "चेष्टा करत होतो रे."

"तुला डॉक्टरकडे घेऊन जातो. चल."

"वेइक्को, तू काही पाहिलेलं नाहीस. ऐकतोयस ना? काहीही नाही."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. आता गुपित तिघांचे झाले, आणि त्यातला मी तर बोलूही शकत नव्हतो.

त्यानंतर एक नवी गोष्ट सुरू झाली. एरो कोपऱ्याकडे वळला की त्याच्या पायाची बोटे माझ्यात मुडपून घट्ट व्हायची, भिंतीला नखे रोवणाऱ्या मांजरासारखी. शेवटच्या दोन पावलांत पाय आखडायचा. चकतीपर्यंत पोचण्याआधीच तो ती आंधळेपणाने भिरकावून द्यायचा, आणि ती बहुतेक वेळा समोरच्यांच्या हाती लागायची. पुढचा हंगाम सुरू झाला तसे त्यातून आमच्यावर गोल होऊ लागले.

"काय रे एरो, कोपऱ्यात अस्वल बसलंय का? जवळच जात नाहीस!" असे ओत्सो ओरडायचा. ओत्सो म्हणजे संघातला सर्वांत दांडगा गडी, ज्याच्या धडकेला सारी लीग घाबरायची.

"अस्वल इथे माझ्या शेजारी बसलंय, मोजे काढून," एरो म्हणायचा. "नाकाला कळतंय."

सगळे हसायचे. पण हसताना त्याची बोटे माझ्यात मुडपलेलीच असायची.

नोव्हेंबरात संघाने मारीत हुहतालाला बोलावले. ती पूर्वी गोलरक्षक होती. आता सामन्यांच्या चित्रफिती पुन्हापुन्हा पाहून कुठल्या खेळाडूत किती खेळ उरला आहे ते ती सांगायची. एरोला आणखी दोन हंगाम ठेवायचे की निरोप द्यायचा, याचा अहवाल तिने शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. वेइक्कोने आणलेला वेलचीचा पाव त्या आठवड्यात एरोच्या कॉफीशेजारी तसाच वाळत पडायचा.

गुरुवारी सकाळी ती धार लावायच्या खोलीत आली. वेइक्को माझी टाच तपासत होता. एरो बाकावर अनवाणी बसला होता.

"माझा निवाडा ऐकवायला आलीस?" एरोने विचारले.

"नाही. एक गोष्ट कळत नाहीये, ती विचारायला आले." तिने संगणक त्याच्या मांडीवर ठेवला. "चढाईत तुझ्या तोडीचा पास देणारा या संघात कुणी नाही. गेल्या वर्षी नव्हता, आजही नाही. सगळे म्हणतात तू हळू झालास. मी मोजलं. कोपऱ्याकडे तू पाच वर्षांपूर्वी जायचास तितक्याच वेगाने जातोस. फक्त शेवटच्या दोन पावलांत तो वेग अर्धा होतो. फेब्रुवारीपासून. दर वेळी."

"वय झालं माझं. लिही की तसं."

"वय पूर्ण मैदानभर होतं, एरो. एकाच कोपऱ्यात होत नाही."

एरोचा आवाज चढला. "तू आयुष्यभर जाळ्यात उभी राहून दुसऱ्यांच्या चुका मोजल्यास! तुला काय माहीत तिकडे पाठ करून जाणं काय असतं?"

मारीत रागावली नाही. "नाही माहीत," ती म्हणाली. "दाखव मला. दहा मिनिटं. बर्फावर दुसरं कुणी नाही."

क्रीडागृह रिकामे होते. खुर्च्यांच्या रांगा काळ्या दिसत होत्या. तिने चकती कोपऱ्यात टाकली. एरो निघाला. मागे कुणी नव्हते. मला ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते, तरी कठडा जवळ आला तशी ती बोटे मुडपली, पाय लाकडासारखा झाला आणि माझे पाते बर्फात नुसतेच खरडले. तिने दुसरी चकती टाकली. तेच. तिसरी टाकली आणि या वेळी ती स्वतः त्याच्या मागून निघाली. सावकाश, त्याला शिवण्याचा विचारही नसताना. फक्त तिच्या पात्यांचा आवाज आला.

एरो कोपऱ्यापर्यंत पोचलाच नाही. त्याने दोन्ही हातांनी डोके झाकले आणि तो गुडघ्यांवर बसला. तो कुत्र्यासारखा धापा टाकत होता. त्याचा पाय माझ्यात इतका थरथरत होता की माझे पाते बर्फावर टकटक वाजत होते.

मारीत त्याच्या शेजारी बर्फातच बसली. उठली नाही.

"मला दिवे टोचतात," शेवटी एरो म्हणाला. "वाचताना ओळी सरकतात. ऑक्टोबरात मी पिह्लाला शाळेतून आणत होतो. माझी मुलगी, नऊ वर्षांची. चौकात थांबलो आणि घर कुठल्या बाजूला ते मला आठवेना. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. पिह्ला म्हणाली, बाबा, डावीकडे. तेव्हापासून रोज तीच सांगते. तिला वाटतं हा आमचा खेळ आहे."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं तर खेळू देतील?" त्याने तिचा हात धरला. "मारीत, हे लिहू नकोस. म्हातारा झाला म्हण, आळशी झाला म्हण. हे नको. एक हंगाम. मला दुसरं काहीच येत नाही गं."

तेव्हा कठड्याच्या दारातून वेइक्को बोलला. तो कधी आला ते कुणाला कळले नव्हते. "फेब्रुवारीत याने डावा स्केट उजव्या पायात घातला होता. मी पाहिलं आणि गप्प बसलो. नऊ महिने याच्या पात्यांना धार लावून देतोय मी, अन् परत त्याच कोपऱ्यात पाठवतोय." तो मारीतकडे वळला. "तू नाही लिहिलंस तर मी जाऊन सांगेन."

एरोने मला पायातून ओरबाडून काढले आणि कठड्यावर फेकले. माझे पुढचे टोक फुटले. त्याच्या रागाचे मला वाईट वाटले नाही. मला भीती वाटली ती त्याच्या चेहऱ्याची. तो त्या दोघांकडे असे पाहत होता, जणू त्यांनीच त्याला मागून धडक दिली होती.

शुक्रवारी मारीतने अहवाल दिला. त्यात चढाईचे सगळे कौतुक होते, अक्षरन् अक्षर खरे. शेवटची ओळ वेइक्कोने मोठ्याने वाचली म्हणून मला ठाऊक आहे: "याचा खेळ कमी झालेला नाही, याला दुखापत झाली आहे, डॉक्टर हो म्हणेपर्यंत याला बर्फावर उतरवू नये."

डॉक्टरांनी तपासले. ते हो म्हणाले नाहीत. कधीच म्हणणार नव्हते. डोक्याला आणखी एक मार बसला तर काय होईल ते त्यांनी एरोला बंद दाराआड सांगितले.

तीन आठवडे एरो दिसला नाही. मी फळीवर पडून होतो. दर सकाळी कुणीतरी खोलीत यायचे आणि मला वाटायचे, आता कचऱ्याच्या डब्यात. कुणालाही कधीही घालता न येणाऱ्या फुटक्या स्केटला दुसरीकडे कुठे जागा असते?

मग एका सरावाआधी दार उघडले. एरो साध्या बुटांत होता. तो हडकला होता. तो सरळ वेइक्कोकडे गेला आणि त्याने म्हाताऱ्याला मिठी मारली. नंतर मला उचलून तो कपडे बदलायच्या खोलीत गेला. पंचवीस गडी बाकांवर बसले होते.

"मी निरोप घ्यायला आलो नाही," एरो म्हणाला. "मला भीती वाटत होती. नऊ महिने. तुम्ही हसत होतात आणि मीही हसत होतो. हा बूट कुठल्या पायाचा तेही मला कळत नव्हतं. तरी मी खेळलो, आणि त्याला मी हिंमत म्हणत होतो." त्याने बाकांवरून नजर फिरवली. "इथे आणखी कुणी काही लपवतंय का?"

कुणीतरी काठीला पट्टी गुंडाळत होते, ते थांबले. एरो उत्तराची वाट पाहत उभाच राहिला. त्याची बोटे माझ्या फुटक्या टोकावर घट्ट होती. मला वाटले, आता कुणीतरी टवाळी करेल आणि सगळे हसतील.

कोपऱ्यातून ओत्सोचा आवाज आला. इतका बारीक आवाज त्याच्या छातीतून येईल असे मला कधी वाटले नव्हते.

"मला उलट्या होतात," तो म्हणाला. "ऑगस्टपासून. प्रत्येक सामन्यानंतर."

एरो त्याच्याजवळ गेला आणि बाकावर बसला. मारीत दारातच उभी होती, तिने वही मिटली. मग पलीकडच्या बाकावरून एक हात वर आला. त्याच्या मागोमाग दुसरा.

मित्रांनो, मी फुटका आहे आणि आता कुणाच्या कामाचा नाही. पण तुमच्याजवळचा एखादा धावणारा माणूस एकाच जागी अडखळू लागला, तर तो किती वेगाने धावतो ते मोजत बसू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याला काय होतेय ते विचारा. आणि विचारल्यावर, तो बोलेपर्यंत उठू नका.